चंद्रावरची अर्धी जागा

“सरका.”

एवढंच म्हणून काका थांबायचे. कॅमेऱ्यामागून डोकं वर काढायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि समोरच्याकडे बघत राहायचे. समोरचा आधीच अर्धा घाबरलेला असायचा, कारण तो चंद्रावर बसलेला असायचा. आता हा म्हातारा सरकायला सांगतोय, म्हणजे पडायची वेळ आली की काय! तो चंद्राच्या मधून हळूहळू डाव्या टोकाला सरकायचा.

“जागा ठेवा.”

मग तो माणूस शेजारच्या रिकाम्या लाकडाकडे बघायचा आणि विचारायचा, “किसके लिए?”

“जो येईल त्याच्यासाठी,” काका मराठीतच सांगायचे. माणूस पेशावरचा असो, सिल्हेटचा असो, नाहीतर मनिलाचा. आणि त्यांना कळायचं! कसं कळायचं ते मला विचारू नका. आमच्या मॅनेजरला मी तीन भाषांत रजा मागितलेली कळत नाही. पण काकांचं मराठी सगळ्या जगाला कळायचं. मग काका डोकं पुन्हा खाली घालायचे, “खलास” म्हणायचे, आणि फोटो निघालेला असायचा.

तुम्ही बर दुबईला देवळाच्या गल्लीत गेला असाल, तर आमच्या बिल्डिंगसमोरून नक्की गेलेला आहात. खाली साड्यांची दुकानं. बाहेर उभा राहून “मॅडम, देखने का पैसा नहीं” ओरडणारा सेल्समन. त्याच्या शेजारून वर जाणारा जिना, इतका अरुंद की समोरून कुणी उतरत असेल तर आपण भिंतीला पाल होऊन चिकटायचं. जिन्यात मधेच एक वळण. वर गेलं की एक टेलर, मग आमची ट्रॅव्हल एजन्सी, आणि टोकाला काकांचा स्टुडिओ. स्टुडिओच्या बोर्डवर झकास इंग्लिश नाव होतं. पण ते कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, चाँदवाला.

मी विट्याचा. शाळेत गॅदरिंगला मी हेडमास्तरांची नक्कल केली होती. त्यांनी स्टेजवर मला बक्षीस दिलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. त्या दोन्ही प्रसंगांची नक्कलसुद्धा मी करतो. दुबईत आलो तेव्हा वाटलं, आता नोकरी करायची, गप्प बसायचं. पण इथं माल किती! एकाच लिफ्टमध्ये पाच देशांची माणसं आणि पाच तऱ्हेची “गुड मॉर्निंग.” गप्प कसं बसणार?

तर एकदा दुपारी टेलरच्या गाळ्यात डबे उघडून बसलो होतो आणि मी काकांची नक्कल करत होतो. चष्मा कपाळावर, मान वाकडी, “सरका जागा ठेवा खलास!” टेलर हसून हसून ठसका लागून पाणी शोधतोय. आणि दारात काका.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

“चुकतंय,” काका म्हणाले.

“सॉरी काका, ते आपलं गंमत...”

“गंमत कर की. नीट कर. ‘सरका’नंतर तू थांबत नाहीस. माणसाला आधी सरकू तर दे. सरकल्याशिवाय त्याला जागा दिसत नाही. मग सांगायचं, ठेवा. परत करून दाखव.”

मी परत केलं. काकांनी मान हलवली, “अजून घाई आहे,” म्हणाले आणि टेलरच्या डब्यातली लोणच्याची एक फोड उचलून निघून गेले. त्या दिवसापासून मी ‘नकल्या’. दिवसातून एकदा तरी हाक यायची, “नकल्या, मोकळा आहेस का? जरा तो दिवा धर.”

आता चंद्राविषयी सांगतो, कारण चंद्र सांगितल्याशिवाय काका सांगता येत नाहीत.

चंद्र लाकडाचा. कोर आडवी, होडीसारखी, दोन्ही टोकं वर. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी. मागे काळ्यानिळ्या पडद्यावर चांदण्या. आणि चंद्राच्या पोटावर बरोबर मधे एक तोंड रंगवलेलं. मोठे डोळे, हसरे ओठ, आणि नाक? नाक काय सांगू तुम्हाला! कपाळापासून जे निघायचं ते पार हनुवटीच्या बेतात जाऊन थांबायचं. असं नाक मी जिवंत माणसात एकाच ठिकाणी पाहिलं होतं. काकांच्या तोंडावर.

“काका, चंद्र तुमच्यावर गेलाय.”

“आजोबांवर. मी नंतरचा.”

काकांचे आजोबा मिरजेकडचे. शंभरेक वर्षांपूर्वी जत्रेजत्रेतून फोटोचा तंबू लावायचे. तंबूत पुठ्ठ्याचं विमान, रंगवलेला राजवाडा, आणि हा चंद्र. ज्या माणसाने गावची वेस ओलांडली नाही, तो विमानात बसून फोटो काढायचा आणि घरी भिंतीवर लावायचा. पैलवान मंडळींना चंद्र आवडायचा. एक पैलवान बसला आणि चंद्राचं उजवं टोक मोडलं. तिथला पत्र्याचा जोड मी स्वतः पाहिलाय. काका गिऱ्हाइकाला दाखवायचे, “हे बघा, इथं पैलवान बसलेले.” जसं काही शिवरायांचा मुक्काम होता.

चंद्र बैलगाडीतून न्यायचा, म्हणून आजोबांनी तो दोन तुकड्यांत केलेला. मधे सांधा, मागून लोखंडी बोल्ट. जत्रा संपली की बोल्ट काढायचे, दोन फाका गोणपाटात गुंडाळायच्या, चला पुढच्या गावाला.

“आणि सांधा फोटोत दिसायचा नाही?” मी विचारलं.

काकांनी स्वतःच्या नाकावरून वरून खाली बोट फिरवलं. “हे कशाला मग?”

म्हणजे आजोबांनी सांधा झाकायला त्यावरून नाक काढलं होतं. सांधा लांब, म्हणून नाक लांब. नमुना घरातच होता.

आणि जागा ठेवायची रीतही त्या तंबूतलीच. तेव्हा लग्न नवीन झालेली जोडपी जत्रेला यायची. नवऱ्याला जोडीने फोटो हवा. पण चारचौघांत, सासूसासऱ्यांसमोर, नवऱ्याशेजारी बसायचं म्हणजे काय! बायको तंबूबाहेर पदर दातात धरून उभी. मग आजोबा युक्ती करायचे. तेव्हा फोटो काचेवर यायचा. काचेचा अर्धा भाग झाकून ठेवायचे आणि नवऱ्याला चंद्राच्या डाव्या टोकाला बसवायचे. फोटो झाला की तो उतरून बाहेर. मग बायको एकटी आत. चंद्राच्या उजव्या टोकाला. आता काचेचा दुसरा अर्धा भाग. कुणी कुणाशेजारी बसलं नाही, कुणाची अब्रू गेली नाही, आणि फोटोत दोघं शेजारीशेजारी!

“आजोबा म्हणायचे,” काका सांगायचे, “एकटा आत आलेल्या माणसाचं कुणीतरी तंबूबाहेर उभं असतं.”

आता तुम्हीच बघा. बर दुबईत जो माणूस एकटा जिना चढून येतो, त्याचं कुणीतरी बाहेर उभं असतंच. फक्त इथं तंबूचं बाहेर फार लांब असतं.

गोरखपूरचा एक ट्रकवाला होता. ईदला नवा कुर्ता घालून आला, चंद्राच्या मधोमध बसला, गुडघ्यांवर हात. काकांनी सरकवला, जागा ठेवली, खलास. मग त्याच्या फोनवरून त्याच्या घरी व्हिडिओ कॉल. काका मोठ्यांदा सूचना देतायत आणि मी हिंदी करतोय. “वहिनींना सांग, स्टुलावर बसा. पाय लटकते ठेवा. टेकले तर चंद्रावरून उतरल्यासारखं दिसतं.” घरात स्टूल नव्हतं. वहिनी हौदाच्या काठावर बसल्या. दिराने फोटो काढून पाठवला. काकांनी कॉम्प्युटरवर तो अलगद कापून चंद्राच्या उजव्या बाजूला बसवला. पाहतो तर वहिनींच्या पदराला तोंड लावून एक बकरी उभी.

“बकरी ठेवू का काढू? विचार त्याला.”

ट्रकवाल्याने स्क्रीनकडे बघितलं.  “रहने दो चाचा,” म्हणाला. “उसी की है.”

चंद्रावर बकरी चढल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असेल.

असे फोटो किती जोडले असतील काकांनी! पण बसायला यायचा तो बहुतेक एकटाच. त्यामुळे चंद्राची डावी बाजू पँटी घासून घासून लाकडापर्यंत उघडी पडलेली, आणि उजवी बाजू काल रंगवल्यासारखी पिवळीधमक.

हा चंद्र दुबईत आला तो जहाजातून. तेव्हा काका तरुण होते. कस्टमच्या अरब साहेबाने गोणपाट उघडायला लावलं आणि विचारलं, हे काय? काकांना अरबी एवढंच येत होतं, “हिलाल.” म्हणजे ईदची कोर. साहेबाने एक फाक पाहिली, दुसरी फाक पाहिली, ते नाक पाहिलं, आणि शिपायाला ओरडून म्हणाला, “यल्ला, हिलाल आला! उद्या ईद!” सगळं ऑफिस हसायला लागलं आणि चंद्र देशात आला. या गोष्टीत साहेबाचा आवाज मी काकांपेक्षा चांगला काढायचो. ते काकांनी स्वतः मान्य केलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक. मग काकांनी ती चूक केली.

तुम्ही इथं राहात असाल तर तुम्हाला माहीत आहे. गल्फमधला माणूस टीव्ही घेतो, पण खोका टाकत नाही. मिक्सरचा खोका, इस्त्रीचा खोका, सगळे खोके कपाटावर. कारण विचारलं की म्हणतो, “अजून दोन वर्षं, मग परत. पॅक करायला लागतील ना.” त्याची पोरं इथं बारावी होतात, खोके तिथंच. सगळेच असे. काका एकटे वेगळे. स्टुडिओ लावला, काकू आल्या, मुलगी झाली. बोल्ट घातलेला चंद्र बसताना कुरकुरायचा, नाकात चीर दिसायची. काका म्हणाले, आता कुठं हलायचंय? त्यांनी बोल्ट काढले, सांध्यात सरस भरला, मागून प्लायवूड ठोकलं, पुढून पुट्टी, वरून रंग. चंद्र एकसंध केला.

“काकू काही बोलल्या नाहीत?”

“बोलली ना. म्हणाली, अहो, दार बघा आधी, जिना बघा. मी म्हणालो, दाराचा काय संबंध?”

तीस-पस्तीस वर्षं दाराचा काही संबंध आला नाही. मग आमच्या बिल्डिंगच्या मालकाने रिनोव्हेशन काढलं. सगळ्यांनी गाळे खाली करायचे. टेलर करामाला जाणार होता, आमच्या एजन्सीला पलीकडच्या गल्लीत जागा मिळाली. काकांनी नवीन जागा बघितलीच नाही. पासपोर्ट फोटो आता लोक फोनवर काढतात, आणि काकू जाऊनही बरेच दिवस झाले होते. अबूधाबीच्या खलिफा सिटीला मुलगी होती, जावई होते, नात होती. ताई कधीपासून म्हणत होत्या, बाबा, आता बास, आमच्याकडे या.

“मी येतो,” काका म्हणाले. “चंद्र येईल.”

ताई एका शनिवारी आल्या, बरोबर नात. चौदा-पंधरा वर्षांची, कानात इअरफोन. ताईंनी चंद्राकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं आपण लग्नात लांबच्या नातेवाइकाकडे बघतो.

“बाबा, हा ठेवणार कुठे? हॉलमध्ये सोफा आहे. वरती एसीचं युनिट आहे.”

“बघू.”

“मी काय म्हणते, त्याचा एक छान फोटो काढून ठेवा ना.”

 आयुष्यभर फोटो काढलेल्या माणसाला हे वाक्य सांगायचं म्हणजे हलवायाला सांगणं, पेढ्याचं चित्र खा. मी ओठ दाबून दिव्याची वायर गुंडाळत होतो.

नातीने एक इअरफोन काढला. “आजोबा, इट्स क्रीपी. इट हॅज युअर नोज.”

“तुझं पण आहे,” काका म्हणाले.

तिने पटकन नाकावर हात ठेवला. “नो वे!” आणि इअरफोन परत कानात.

मग आम्ही चंद्र उचलला. मी, टेलर, खालचा सेल्समन आणि बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन. गाळ्याच्या दारातून तो तिरका करून कसाबसा निघाला. जिन्याच्या वळणावर अडकला. वरचं टोक छताला, खालचं टोक कठड्याला, आणि नाक भिंतीला टेकलेलं. ना वर ना खाली. वरून टेलरची गिऱ्हाइकं ओरडतायत, खालून दोन बायका. त्यातल्या एकीने विचारलं, “भैया, ये मून सेल में है क्या?” सेल्समन एवढ्या ओझ्याखालीही म्हणाला, “मॅडम, देखने का पैसा नहीं!”

काका मात्र हसले नाहीत. ते वरच्या पायरीवर उभे राहून एकच सांगत होते, “ओढू नका. ओढू नका रे. जुनं लाकूड आहे.”

परत वर आणला. खिडकीला जाळी, जाळीबाहेर एसी, नातूर म्हणाला परमिशन नहीं. म्हणजे उपाय एकच. जिथं काकांनी सरस भरला होता, तिथंच करवत.

“कापायचा असेल तर इथंच राहू दे,” काका म्हणाले. “आजोबांनी बैलगाडीतून नेला. वडिलांनी एसटीच्या टपावर चढवला. आणि मी एसीत उभा राहून तोडू? चुकीच्या जागी फाटला तर परत कोण जोडणार?”

“इथं राहू दे म्हणजे काका, रिनोव्हेशनवाले कुऱ्हाडीने फोडतील.”

“फोडू देत. माझ्या हातनं नको.”

आणि ते चंद्राकडे पाठ करून पासपोर्ट फोटोचं कटर पुसत बसले. काकांना एवढं छोटं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला कुणाचीच नक्कल सुचली नाही.

शेवटी ताईंनीच रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधून मिस्त्री बोलावला. राजस्थानी, म्हातारा, कानावर पेन्सिल. त्याने चंद्राच्या पाठीवरचं प्लायवूड काढलं, सरसावर नख मारून बघितलं. “चाचा, ये तो पत्थर हो गया. किसने किया?”

“मैंने.”

“पक्का काम किया.”

“वही तो गलती है,” काका म्हणाले.

मिस्त्रीने पातळ पात्याची करवत काढली. म्हणाला, सांध्यावरूनच जाईन, लाकडाला हात लावणार नाही, पण गॅरंटी इन्शाल्ला. काकांनी बराच वेळ चंद्रावर हात ठेवला. मग म्हणाले, “थांबा. आधी एक फोटो.”

“कुणाचा?”

 आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. एवढ्या लोकांना चंद्रावर बसवणाऱ्या माणसाचा चंद्रावर एकही फोटो नव्हता. ताई म्हणाल्या, आई-बाबांचाही नाही. आई नेहमी म्हणायची, जरा बारीक होऊ दे, मग बसू. बाबा म्हणायचे, जरा गर्दी कमी होऊ दे.

“नकल्या,” काका म्हणाले, “कॅमेरा धर.”

काका चढले आणि काय सांगू, आयुष्यभर दुसऱ्यांना सैल करणारा माणूस स्वतः लाकूड झाला! छाती पुढे, हात मांड्यांवर, डोळे वटारलेले. चंद्र हसतोय आणि काका पोलिसांत आल्यासारखे. “काका, सैल व्हा.” नाही. “काका, पेढा आठवा.” नाही. मग मी चष्मा कपाळावर ढकलला. मला चष्मा नाही, पण ढकलला. मान वाकडी केली आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो,

“सरका.”

आणि थांबलो. पहिल्यांदाच बरोबर थांबलो. कारण काका आधीच डाव्या टोकाला बसले होते. चढल्या चढल्याच तिथं बसले होते. उजवीकडची सगळी पिवळी जागा त्यांनी मोकळी सोडली होती, आणि आता त्यांचा एक हात त्या जागेवर होता, आपण बसमध्ये कुणासाठी सीट धरतो तसा.

पुढचं वाक्य म्हणायची गरज नव्हती. काकांच्या तोंडावर हसू आलं ते मी थांबलो म्हणून आलं की आणखी कशाने, मला माहीत नाही. मी “खलास” म्हणालो.

मग मिस्त्रीने करवत लावली. काका खाली उतरून अगदी जवळ उभे राहिले. बाहेर जातील असं मला वाटलं होतं, पण नाही गेले. “नाकावरून. सरळ. हां. नाक सांभाळ मिस्त्री, घरातलं आहे.” पुट्टीचा भुगा पांढरा पडला, मग सरसाचा पिवळा, आणि मग कट्ट आवाज झाला. आम्ही सगळे दचकलो. दोन फाका सुट्या होऊन टेलरच्या आणि माझ्या हातात. कडा साफ. मधे शंभर वर्षांपूर्वीची बोल्टची भोकं, गंजाच्या गोल खुणांसकट. चंद्र मोडला नव्हता. फक्त सुटला होता.

काकांनी एका भोकात करंगळी घालून बघितली. म्हणाले, “हिने सांगितलं होतं, दार बघा.”

जिन्यावरून दोन्ही फाका अशा अलगद उतरल्या, की सेल्समनला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

नंतर ताईंनी काकूंचा पासपोर्ट फोटो शोधून काढला आणि मला पाठवला. म्हणाल्या, बाबांच्या शेजारी रिकाम्या जागेत जोडता येईल का? मी काकांना विचारलं. काका म्हणाले, “पासपोर्टच्या फोटोत ती चिडलीये. त्या दिवशी मी तिला फार वेळ बसवून ठेवलं होतं. चिडलेली बाई चंद्रावर बसवू नकोस.” मग तो फोटो तसाच राहिला.

काका खलिफा सिटीला गेले. मी मधून मधून फोन करायचो. “काय काका, खलिफा सिटीत करमतंय का?” “विमानं फार,” ते म्हणायचे. “खरी आहेत, पण आत कोण बसलंय ते दिसत नाही. आजोबांचं विमान बरं होतं.” एकदा जाऊन यायचं ठरत होतं. दर वीकेंडला ठरत होतं.

काका गेले तेव्हा मी रजेवर विट्याला होतो. ताईंचा मेसेज आला तो मी एसटी स्टँडवर उभं राहून वाचला.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी अबूधाबीची बस धरली. व्हिलाच्या गेटपाशी पोचलो, तर ताईंची गाडी बाहेर रस्त्यावर, भर उन्हात. स्टिअरिंगवर टॉवेल टाकलेला. आता इथं राहणाऱ्यांना सांगायला नको, इथं माणूस एक वेळ उन्हात उभा राहील, पण गाडीला सावली बघतो. मला वाटलं, पाहुणे आले असतील. आत गेलो, तर गाडीच्या शेडमध्ये, बरोबर सावलीत, चंद्र. नवे बोल्ट घातलेला. मागे भिंतीवर तो चांदण्यांचा पडदा. नाकातून वरपासून खालपर्यंत काळी चीर, आता मुद्दाम न झाकलेली.

“हॉलमध्ये खरंच मावला नाही,” ताई म्हणाल्या. जशी काही माफी मागतायत.

चहा झाला. हॉलमध्ये काकांचा तो फोटो होता, डाव्या टोकाला काका आणि बाकी सगळी मोकळी जागा. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही. बाहेर येऊन शेडमध्ये उभा राहिलो. नात मागून आली. फोन हातात, इअरफोन गळ्यात.

“यू आर द मिमिक्री गाय, राइट?”

“हो.”

“डू आजोबा.”

मी चष्मा ढकलल्यासारखं केलं. मान वाकडी केली.  मी हेडमास्तर काढतो, मॅनेजर काढतो, कस्टमचा साहेब काढतो. त्या दिवशी काकाच येईनात. कसंबसं म्हणालो, “सरका जागा ठेवा.”

“नो,” ती म्हणाली. “टोटली राँग. सिट.”

मी चंद्रावर बसलो. इतकी वर्षं दिवा धरला, वायर गुंडाळली, जिन्यातून चंद्र वाहिला, पण बसलो आजच. मधोमध, नाकाच्या वर. बोल्टवर आलेलं लाकूड जरासं कुरकुरलं. पोरगी चार पावलं मागे गेली, फोन वर धरला. मग फोनवरून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. तेच नाक.

“सरका.”

आणि थांबली. वरून एक विमान गेलं, चांगलं खाली आलेलं, सगळी शेड हादरवून. ती थांबूनच राहिली. मी सरकलो. डावीकडे, जिथं लाकूड घासून गुळगुळीत झालंय तिथं. सरकलो आणि शेजारी बघितलं.

“जागा ठेवा,” ती म्हणाली.

ठेवलीच होती.